चुनखडीची टेकडी आणि सायकलीची वाट



सायकल आपल्या खेड्यांना नवी नाही. दुधाच्या किटल्या अडकवून डेअरीला जाणारी सायकल, टपालवाल्याची सायकल, शाळेला जाणाऱ्या मुलामुलींची सायकल आपण सर्वांनी पाहिली आहे. या सायकली कामाला जातात, आणि चढ लागला की आपण खाली उतरून त्यांना हाताने ढकलत नेतो. आज ज्या सायकलीविषयी बोलायचे आहे, तिची तऱ्हा मात्र उलटी आहे. ती चढ शोधतच निघते. डोंगरावर चढायचे आणि दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळांवरून, वळणावळणांनी खाली यायचे, एवढेच तिचे काम. तिला माउंटन बाइक म्हणतात. आपण डोंगरी सायकल म्हणू.

आता तुम्ही विचाराल, या खेळाशी आमच्या खेड्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो सायकलीमुळे नाही, वाटेमुळे आहे. डोंगरावर वाट कशी पडते, ती कोणाची असते, पाऊस पडला की तिचे काय होते आणि ती राखायची कोणी, हे प्रश्न गुराख्याला, शेतकऱ्याला आणि शिक्षकाला नवे नाहीत. इंग्लंडमधल्या एका राखीव टेकडीवर हेच प्रश्न सायकलीच्या निमित्ताने उभे राहिले. त्या टेकडीची हकीकत आज सांगतो.

आधी सायकलीचा जन्म पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात मॅरिन नावाचा डोंगराळ भाग आहे. १९७० नंतरच्या वर्षांत तिथल्या काही तरुणांनी जाड टायरांच्या जुन्या, जड सायकली काढल्या आणि डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली सोडायला सुरुवात केली. १९७६ साली त्यांनी शर्यत लावली. तिचे नाव ‘रिपॅक’. नावामागे मौज अशी की, उतारावर ब्रेक इतके तापत की चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजे रिपॅक! १९८१ साली ‘स्टंपजंपर’ नावाची डोंगरी सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊन बाजारात आली, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. अवघ्या वीस वर्षांत पोरांचा उद्योग जगन्मान्य झाला.

आता त्या टेकडीकडे वळू. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगणा आहे. तिथे ब्रिस्टल शहराच्या दक्षिणेला मेंडिप नावाची टेकड्यांची रांग पसरली आहे. तिचे सर्वांत उंच ठिकाण म्हणजे ब्लॅक डाउन, उंची ३२५ मीटर. आपल्या कळसूबाईच्या १६४६ मीटरांचा जेमतेम पाचवा हिस्सा! पण उंचीवर जाऊ नका. या रांगेची थोरवी तिच्या पोटात आहे. मेंडिप ही चुनखडीची टेकडी आहे, आणि चुनखडीचा दगड पाण्यात विरघळतो.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. आपल्या काळ्या रानात नांगरताना पांढरे चुनखडीचे खडे निघतात. त्यातला एक खडा घ्या आणि त्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बारीक बुडबुडे येऊन खडा फसफसू लागेल. पावसाचे पाणीही हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन किंचित आंबट होते. लिंबाच्या रसाइतके ते जहाल नसते, पण त्याला घाई नसते. हजारो-लाखो वर्षे ते दगडाच्या भेगेत झिरपते, भेगेची फट होते, फटीचे भुयार होते, भुयाराची गुहा होते. मेंडिपच्या पोटात अशा कितीतरी गुहा आहेत. चेडर नावाच्या गावाजवळ तर १३७ मीटर खोलीची घळ आहे. चेडर चीज ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते तेच हे गाव. तिथल्या एका गुहेत १९०३ साली सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा सापडला. त्याला ‘चेडर मॅन’ म्हणतात.

ब्लॅक डाउनचा माथा मात्र चुनखडीचा नाही. तो तांबड्या वालुकाश्माचा आहे. या दगडातून पाणी सहजासहजी खाली जात नाही, म्हणून माथ्यावर ओल राहते, बारीक ओहळ वाहतात. हे ओहळ उतारावरून खाली येतात आणि चुनखडीच्या हद्दीवर पोचले की, काय सांगावे, गडप होतात! दिसताना दिसतात आणि एका भोकात शिरून नाहीसे होतात. तिथले लोक या भोकांना ‘स्वॉलेट’ म्हणतात, म्हणजे पाणी गिळणारी जागा. गिळलेले पाणी टेकडीच्या पोटातून वाहत कधी काही तासांत, कधी काही दिवसांत पायथ्याच्या झऱ्यांतून बाहेर येते. काही पाणी उत्तरेला रिकफर्डकडे निघते, काही दक्षिणेला चेडरकडे. चेडरच्या झऱ्यांचे पाणी तलावात साठवून ब्रिस्टलच्या भागाला पुरवले जाते.

एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या मातीत आणि मुरमात पाणी झिरपते तेव्हा ते थोडेफार गाळून निघते. चुनखडीच्या भुयारात तशी गाळणी नसते. वर जे पडेल ते खाली निघेल. याचा निवाडा न्यायालयातही झालेला आहे. वूकी होल या गावी कागदाची गिरणी होती आणि तिला झऱ्याचे स्वच्छ पाणी लागे. वर प्रिडी गावाजवळ शिशाची खाण होती. खाणवाला खनिज धुऊन ते घाण पाणी अशाच एका भोकात सोडी. खाली गिरणीवाल्याचे पाणी बिघडू लागले. त्याने फिर्याद केली आणि १८६३ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. हॉजकिन्सन विरुद्ध एनॉर या नावाने तो खटला ओळखला जातो. पाणी जमिनीखालून गेले म्हणून घाण करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. ही गोष्ट ज्याला समजली, त्याला मेंडिप समजली.

या टेकडीवर आणखीही पुष्कळ काही आहे. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी इथे शिसे काढले. चार्टरहाउस येथे त्यांच्या वस्तीच्या खुणा आहेत. ब्लॅक डाउनच्या माथ्यावर कांस्ययुगातल्या लोकांचे दफनाचे उंचवटे आहेत. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने ब्रिस्टल समजून इथेच बॉम्ब टाकून जावीत, म्हणून या माथ्यावर खोट्या शहराचा देखावा उभा केला होता, आणि शत्रूचे विमान उतरू नये म्हणून मातीचे ढीग ओळीने रचले होते. ते ढीग अजून दिसतात. चुनखडीवर मातीचा थर पातळ असतो, काही जागी तर वीतभरही नाही. त्या पातळ मातीत गवताची आणि रानफुलांची अशी बाग फुलते की विचारू नका. ‘चेडर पिंक’ नावाचे गुलाबी फूल तर साऱ्या ब्रिटनमध्ये चेडरच्या परिसरातच रानटी उगवते. माथ्यावरच्या हीदरच्या झुडपांत आणि गवतात चंडोल जमिनीवरच घरटे करतो. गुहांत दुर्मिळ वटवाघळे राहतात.

म्हणून १९७२ साली या रांगेचा १९८ चौरस किलोमीटरांचा पश्चिमेकडील भाग सरकारने विशेष निसर्गसौंदर्याचे क्षेत्र म्हणून राखीव ठरवला. अशा क्षेत्रांना २०२३ पासून इंग्लंडात ‘नॅशनल लँडस्केप’ म्हणतात. राखीव म्हणजे कुंपण घालून माणूस हद्दपार केलेला, असे मात्र समजू नका. तिथे गावे आहेत, शेते आहेत, मेंढ्या चरतात, गायराने आहेत. आणि सुमारे वीस किलोमीटरवर ब्रिस्टलसारखे मोठे शहर आहे. शनिवार-रविवार आला की शहरातली माणसे टेकडीकडे निघतात. कोणी चालत, कोणी घोड्यावर, कोणी दोर घेऊन गुहेत उतरायला, आणि कोणी डोंगरी सायकल घेऊन.

मग वाट कोणाची? आपल्याकडे वहिवाटीच्या रस्त्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, प्रकरण तहसीलदारापर्यंत जाते. इंग्लंडने ही गोष्ट कायद्याने नकाशावर आणली. १९४९ सालच्या कायद्याने प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा पक्का नकाशा करावा असे ठरले, आणि पुढच्या वर्षांत गावोगावच्या पंचायतींनी म्हाताऱ्या माणसांना विचारून, पायी हिंडून वाटांची नोंद केली. या वाटांच्या जाती आहेत. पायवाट फक्त चालणाऱ्याची. तिच्या खांबावर पिवळा बाण. घोडवाट चालणाऱ्याची आणि घोडेस्वाराची. तिचा बाण निळा. १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने घोडवाटेवर सायकलीलाही हक्क दिला, पण अट घातली: सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यावी. गंमत पाहा, हा कायदा झाला तेव्हा डोंगरी सायकल जन्मालाही आली नव्हती! पुढे २००० साली आणखी एक कायदा झाला. त्याने माळ, डोंगर आणि गायराने यांवर वाट सोडूनही हिंडण्याची मोकळीक दिली. पण ती मोकळीक पायी चालणाऱ्याला. सायकलीला नाही.

आता इथे खरा पेच आहे. इंग्लंडातल्या एकंदर सार्वजनिक वाटांपैकी सुमारे पाचवा हिस्साच सायकलीला खुला आहे. घोडवाटा एकमेकींना नीट जोडलेल्या नाहीत. मध्येच पायवाटेचा तुकडा येतो. शिवाय घोडवाट ही एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची वाट. ती सरळ, रुंद, सपक. पोराला हवे असते वळण, उडी, झाडांतून जाणारी अरुंद चाकोरी. मग तो काय करतो? मित्राला घेतो, फावडे घेतो आणि जंगलात आपली आपण वाट पाडतो. एकाने पाडली की दहाजण तिने जातात. कोणाला उडी मारायला आयता उंचवटा दिसतो. तो चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या दफनाचा उंचवटा आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

चालणारे म्हणतात, सायकलवाल्यांनी टेकडी खराब केली. सायकलवाले म्हणतात, रांगेच्या पूर्व टोकाला मोठमोठ्या खाणी डोंगरच्या डोंगर फोडून खडी नेतात, आणि तुम्हाला दिसतो तो आमच्या टायरचा ओरखडा! दोन्ही म्हणण्यांत थोडे थोडे तथ्य आहे. पण तथ्य तोलायचे तर मोजून पाहावे लागते. १९९४ साली अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात डोंगरातल्या वाटांवर कृत्रिम पाऊस पाडून माती किती सुटते हे पाहिले होते. भिजलेल्या वाटेवर माणसाच्या पावलांनी आणि घोड्याच्या टापांनी चाकापेक्षा जास्त माती सुटी केली. त्यातही घोडा सर्वांच्या पुढे. तेव्हा एकट्या सायकलीला पापी ठरवणे बरोबर नाही.

तरीही सायकलीचा एक दोष आहे, आणि तो शेतकऱ्याला चटकन समजेल. पावलाचे ठसे तुटक असतात. चाकाची रेघ अखंड असते. उतारावर सरळ खाली गेलेली अखंड रेघ म्हणजे पाण्याला काढून दिलेला पाटच! त्यात ब्रेक दाबून चाक घसरत नेले, की गवत मुळासकट निघते. पहिल्या पावसात बोटभर चर, दुसऱ्यात वीतभर, आणि मग सायकलवाल्यालाच ती चाकोरी नकोशी होते. तो तिच्या शेजारून जातो. शेजारी दुसरी चाकोरी पडते. एक वाट होती तिथे चार होतात, आणि मधले गवत मरते. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा. मेंडिपवर तो वर्षभर पडतो, आणि हिवाळ्यात जमीन क्वचितच वाळते. सुटलेली माती ओहळात जाते, ओहळ भोकात, भोक गुहेत, गुहा झऱ्यात. जुन्या शिशाच्या खाणीची जमीन असेल तर मातीबरोबर शिसेही जाते. १८६३ च्या निकालाची आठवण ठेवा.

मग उपाय काय? सायकली बंद करणे हा सोपा उपाय वाटतो, पण तो लागू पडत नाही. एवढ्या उघड्या टेकडीला कुलूप कुठे लावणार? बंदी घातली की दिवसाची वाट रात्रीची होते, उघडी वाट झाडीतली होते, आणि ज्याच्याशी बोलता आले असते तो पोर तोंड चुकवू लागतो. जाणत्या लोकांनी दुसरा मार्ग काढला. वाट बांधायचीच, पण पाण्याचा विचार करून बांधायची.

ही वाट बांधण्याची विद्या आपल्या बांधबंदिस्तीची सख्खी बहीण आहे. उताराला आडवे नांगरावे, समपातळीत बांध घालावा, हे आपण जाणतो. सायकलीची वाटही तशीच टेकडीच्या कुशीने आडवी न्यायची. तिचे काही ठोकताळे आहेत. पहिला, वाटेचा चढ टेकडीच्या चढाच्या निम्म्याहून जास्त नसावा. टेकडी शंभर फुटांत वीस फूट चढत असेल, तर वाटेने शंभर फुटांत दहा फुटांपेक्षा जास्त चढू नये. जास्त चढली की पाणी वाट ओलांडून जायचे सोडून वाटेनेच धावू लागते. दुसरा, एकंदर वाटेचा सरासरी चढ शंभरात दहाच्या आत ठेवावा. तिसरा, वाटेची बाहेरची कड किंचित उतरती असावी, म्हणजे पाणी पातळ पसरून पलीकडे उतरते. चौथा ठोकताळा सर्वांत नामी आहे: उतरत्या वाटेला ठरावीक अंतरावर एक लहानसा उलटा चढ द्यावा. पाणी तिथे अडते आणि बाजूला निघून जाते. आणि मौज अशी की, सायकलवाल्या पोराला याच खालीवर होण्यात खरा आनंद मिळतो! जे पाण्याला हवे तेच पोराला हवे. वाट चांगली आखली की खेळ आणि जमीन यांचे भांडणच उरत नाही.

जिथे ओल हटत नाही तिथे दगड उभे रोवून फरसबंदी करतात. मात्र ओला चुनखडीचा दगड चाकांनी आणि पावलांनी गुळगुळीत झाला की साबणासारखा निसरडा होतो, म्हणून तो कुठे वापरावा हे पाहावे लागते. दफनाचे उंचवटे, चंडोलाची घरटी, पातळ मातीचे गवत आणि पाणी गिळणारी भोके यांच्यापासून वाट दूर ठेवायची. ती न्यायची जंगल खात्याच्या लागवडीतून. ब्लॅक डाउनच्या पश्चिमेला रोबेरो वॉरन नावाचे लावलेले सूचिपर्णी जंगल आहे. लाकडासाठीच वाढवलेल्या अशा जंगलात सायकली वर्षानुवर्षे फिरत आल्या आहेत. शिवाय ब्रिस्टल शहराला लागूनच अ‍ॅश्टन कोर्ट आणि ली वुड्स इथे मुद्दाम बांधलेल्या सायकलवाटा आहेत. शहरातल्या पोराला घराजवळ चांगली वाट मिळाली, की रोज नाजूक टेकडीवर जाण्याची त्याला गरज उरत नाही.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बांधलेली वाट राखायची कोणी? वाट काही एकदा बांधून भागत नाही. पाऊस पडला की पाणी काढून द्यावे लागते, खचलेली कड भरावी लागते. मेंडिपवर राखणदार नोकर थोडे आहेत. त्यांच्या बरोबरीने स्वयंसेवकांची फळी काम करते. ही माणसे दगडी गडगे रचतात, वाटा दुरुस्त करतात, झुडपे काढतात. सायकलवाल्यांच्या मंडळांतही ठिकठिकाणी अशीच रीत पडली आहे: जो वाटेने जातो त्याने फावडेही धरावे. आणि याचा परिणाम कोणत्याही पाटीपेक्षा मोठा होतो. ज्याने रविवारी गुडघाभर चिखलात उभे राहून दगड बसवला, तो पुढच्या रविवारी त्याच वाटेवर चाक घासत नेत नाही. मित्रानेही नेऊ नये म्हणून तो हटकतो. मेंडिपची हकीकत सांगायचे कारण तरी हेच. टेकडी प्रेमाने राखली जाते हे खरे, पण नुसत्या प्रेमाने टेकडी झिजते. प्रेमाबरोबर कष्ट आले, म्हणजे ती टिकते.

आपला सह्याद्री चुनखडीचा नाही. तो काळ्या ज्वालामुखी दगडाचा आहे. त्याचे पाणी भोकात गडप होत नाही, उघड्या ओढ्याने धावते. पण पावसाळ्यात गडावर जाणाऱ्या वाटा रुंदावत जाणे, एकीच्या चार होणे, कास पठारासारख्या फुलांच्या जागी पावलांचीच भीती वाटणे, हे आपल्याही परिचयाचे आहे. तेव्हा वाट पाण्याच्या कलाने आखावी, आणि जो वापरील त्यानेच ती राखावी, हा धडा दगड बदलला म्हणून बदलत नाही.

शिक्षकांनी एवढे करावे. पहिला चांगला पाऊस पडून गेला की मुलांना गावच्या टेकडीवर न्यावे. सोबत एक काठी आणि मोजपट्टी असली तरी पुरे. मुलांना तीन प्रश्न विचारावेत: या वाटेवर पडलेले पाणी वाट ओलांडून जाते की वाटेनेच धावते? धावत असेल तर चर किती बोटे खोल झाला? आणि ही माती शेवटी कोणाच्या विहिरीत, कोणाच्या तळ्यात जाते? मग मोठ्या मुलांनी एका जागी आडवा दगड लावून, लहानसा उलटा चढ करून पाणी बाजूला काढून द्यावे, आणि पुढच्या पावसानंतर तिथे पुन्हा जाऊन चर मोजावा. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय त्या एका वाटेवर शिकवून होतील. आणि ती वाट मुलांची होईल.